नमुना कोणाच्या हातात? बॉबिन लेसच्या देवाणघेवाणीमागचा इतिहास

बॉबिन लेस करणाऱ्या बायका आज एकमेकींना नमुने देतात, आपली उशी दुसरीसमोर ठेवून चुकलेली जागा दाखवतात, कोपरा कसा वळवायचा ते शेजारी बसून शिकवतात. हे आता इतकं अंगवळणी पडलं आहे की पूर्वीपासून असंच चालत आलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात या कलेच्या जवळपास पाचशे वर्षांच्या इतिहासात बहुतेक काळ नमुना लेस करणारीच्या मालकीचा नव्हता. तो व्यापाऱ्याचा होता. तिच्याकडे होते फक्त हात. आजच्या मोकळेपणाची किंमत कळायची असेल तर हा मधला काळ नीट पाहावा लागतो.

आधी ही लेस कोणती ते सांगायला हवं. आपल्याकडे रुखवतात मांडतात ती बहुतेक क्रोशाची असते; एक सुई आणि एक सलग दोरा. बॉबिन लेसमध्ये सुई नसते. घट्ट भरलेल्या उशीवर जाड कागद, पूर्वीच्या काळी चर्मपत्र, टाचून बसवलेलं असतं आणि त्यावर नक्षीप्रमाणे बारीक भोकं टोचलेली असतात. प्रत्येक धाग्याचं टोक एकेका बॉबिनला गुंडाळतात. बॉबिन म्हणजे लाकडाची किंवा हाडाची बारीक दांडी, शिवणयंत्रातली चकती नव्हे. काम दोन-दोन जोड्यांनी, म्हणजे एका वेळी चार बॉबिन हातात घेऊन चालतं. मधल्या दोनांपैकी डावी उजवीवरून नेली की क्रॉस. प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून नेली की ट्विस्ट. क्रॉस, ट्विस्ट, पुन्हा क्रॉस केलं की साध्या कापडासारखी घट्ट वीण येते. क्रॉस आणि ट्विस्टवरच थांबलं की तिरकी, जाळीदार वीण. मग भोकात टाचणी, आणि पुढच्या जोडीकडे. संपूर्ण बॉबिन लेस या दोन हालचालींवर उभी आहे. अरुंद किनारीला दहा-वीस जोड्या पुरतात, रुंद आणि दाट फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या, लेसला शेकडो बॉबिन लागतात.

खरी मेख इथेच आहे. टोचलेली भोकं टाचणी कुठे लावायची ते सांगतात. कोणती जोडी कुठून येते, कुठे वळते, ते सांगत नाहीत. म्हणजे ज्ञानाचे दोन भाग होतात, एक कागदात आणि एक हातात. कागद ज्याच्याकडे असतो त्याला हात लागतात, आणि हात जिच्याकडे असतात तिला कागद. पुढची तीनशे-साडेतीनशे वर्षं या दोहोंमधली ओढाताण चालली.

सुरुवात मात्र मोकळेपणानेच झाली होती. सोळाव्या शतकात व्हेनिस आणि फ्लँडर्स अशा दोन्हीकडे ही लेस दिसू लागते. पहिला मान कोणाचा यावर अजून वाद आहे. १५५७ मध्ये व्हेनिसमध्ये बॉबिन लेसच्या नक्ष्यांचं एक पुस्तक छापलं गेलं. त्यात नक्षी होती, कृती नव्हती. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १५६१ च्या सुमारास, झुरिकमध्ये ख्रिस्तोफ फ्रोशाउअरच्या छापखान्यातून दुसरं पुस्तक निघालं. करणारी बाई होती, आणि तिने नावाच्या जागी फक्त ‘आर. एम.’ ही अक्षरं घातली. ती सांगते की १५३६ मध्ये व्हेनिसकडच्या व्यापाऱ्यांनी ही लेस आमच्याकडे आणली. ती पाहून इथल्या बायका ती उतरवू लागल्या आणि स्वतःच्या नव्या नक्ष्याही रचू लागल्या. पूर्वी शर्टांवर भरतकाम करण्यात किती वेळ आणि पैसा जायचा आणि आता विणलेली पट्टी नुसती शिवून टाकली की काम भागतं, हेही ती लिहिते. ती स्वतः शिकवणारी होती. हे पुस्तक मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत जवळचं वाटतं. ज्या बाईचं नावही आपल्याला माहीत नाही, तिने आपल्या हातातली विद्या छापून सगळ्यांपुढे ठेवली.

त्याच सुमाराला जर्मनीतल्या एर्झगेबिर्ग डोंगरांमध्ये, ॲनाबेर्ग या खाणीच्या गावात, बार्बरा उटमान नावाची विधवा गोफ आणि किनारीचा मोठा व्यवसाय चालवत होती. सुमारे नऊशे बायकांना तिने काम दिलं असं सांगतात. धागा आणि काम मालकाचं, माल मालकाकडे परत, मजुरी नगावर, हा सांगाडा तिथेच दिसतो आणि पुढे तोच सगळीकडे पसरला. खाणीची गावं आणि लेस यांची जोडी इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. पुरुष जमिनीखाली, त्यांची मिळकत अपुरी, म्हणून घरात उशी.

सतराव्या शतकात लेस म्हणजे दरबारी पैसा झाला. इंग्लंडच्या संसदेने १६६२ मध्ये परदेशी लेसच्या आयातीवर बंदी घातली, तर ब्रुसेल्सची लेस चोरून आणून ‘इंग्लंडची’ म्हणून विकली जाऊ लागली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुई राजाचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये राजाश्रयाखाली कारखाने उभे केले. परदेशी लोक आपल्या कारागिरांना फितवून नेतात म्हणून ब्रुसेल्समध्ये १६९८ मध्ये असं करणाऱ्यांना शिक्षेची धमकी देणारा हुकूम निघाला. त्याच शतकात, १६४० च्या आसपास, फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायसभेने लेस वापरण्यावर निर्बंध घातल्यावर ल पुई भागातल्या गरीब बायकांची चूल बंद पडली. तेव्हा जां-फ्रांस्वा रेजिस या जेझुइट धर्मगुरूने त्यांच्या बाजूने खटपट केली. लेस करणाऱ्यांचा संत म्हणून त्याला आजही मानतात.

ब्रुसेल्सची व्यवस्था थोडी थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ज्ञान कसं तोडून ठेवता येतं याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तिथला लिननचा धागा इतका बारीक असायचा की कोरड्या हवेत तुटे, म्हणून तो अंधाऱ्या, दमट खोल्यांत कातत, आणि प्रकाशाचा एकच झोत धाग्यावर पडेल अशी सोय करत. पुढे कामाची वाटणी. एक बाई फक्त जाळीची जमीन, म्हणजे फुलांमागची पार्श्वभूमी, विणे, दुसरी फक्त फुलं. तिसरी अरुंद पट्ट्या अशा जोडे की सांधा दिसू नये, आणि चौथी फुलं जमिनीवर बसवे. पूर्ण नक्षी मालकाकडे. तो चर्मपत्राचे तुकडे कापून, टोचून, वाटून देई. जिने आयुष्यभर फुलाच्या पाकळ्या केल्या तिला ते फूल कोणत्या झालरीत गेलं हे कळायचंही कारण नव्हतं. अशा बाईने शेजारणीला काय शिकवावं? तिच्या हातात सबंध लेसच नव्हती.

इंग्लंडमध्ये, बकिंगहॅमशर, बेडफर्डशर, नॉर्थम्पटनशर या भागात वाटणी इतकी टोकाची नव्हती. तिथे एक बाई एक किनार सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायची. पण टोचलेला नमुना आणि धागा बहुतेक वेळा व्यापाऱ्याकडूनच यायचा. महिन्याकाठी एक ठरलेला दिवस असे. त्या दिवशी तयार झालेली लांबी उशीवरून कापून त्याच्या हवाली करायची. मोबदल्यात पैशांऐवजी त्याच्याच दुकानातला माल गळ्यात मारला जाण्याच्या तक्रारी वारंवार सापडतात. मुली पाच-सहा वर्षांच्या झाल्या की गावातल्या एखाद्या बाईच्या झोपडीत लेसच्या ‘शाळेत’ बसत. लिहिणं-वाचणं तिथे जेमतेम. वेग टिकावा म्हणून टाचण्या मोजत एका सुरात गाणी म्हणायची. विस्तवाच्या काजळीने धागा काळा पडेल म्हणून खोलीत शेकोटी नसायची. गरम राखेचं मडकं घागऱ्याखाली ठेवून पाय शेकायचे. रात्री उंच तिवईवर मधोमध एक मेणबत्ती आणि तिच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल चंबू. प्रत्येक चंबूतून प्रकाशाचा ठिपका एकेका उशीवर पडायचा. एका मेणबत्तीवर अशा डझनभर बायका बसायच्या, जवळच्या रांगेत निष्णात, मागच्या रांगेत नवशिक्या.

आणि तरीही याच झोपड्यांत देवाणघेवाण होती. शिकवणं तोंडी होतं, शेजारणीच्या हाताकडे बघून होतं. २५ नोव्हेंबरला सेंट कॅथरीनचा आणि ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूचा सण या बायका गावोगावी एकत्र साजरा करत. त्यांच्या बॉबिनींच्या टोकाला काचेच्या मण्यांचं कडं असे. त्याने वजन येतं आणि बॉबिन उशीवरून घरंगळत नाही. हाडाच्या बॉबिनींवर नावं, तारखा, प्रेमाचे निरोप कोरलेले सापडतात. कागद व्यापाऱ्याचा, धागा व्यापाऱ्याचा, पण बॉबिन मात्र त्यांची स्वतःची.

१८४० मधल्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या पोशाखासाठी डेव्हन परगण्यातल्या बिअर या खेड्यात होनिटन पद्धतीची लेस झाली. दोनशेच्या वर बायका त्यावर बसल्या होत्या. काम संपल्यावर कोणी नक्कल करू नये म्हणून नमुने नष्ट केले असं सांगितलं जातं. त्या दोनशे जणींना जे करता आलं ते त्यांच्या मुलींना पुन्हा करता येऊ नये, अशी ती तजवीज होती.

तोवर यंत्र आलंच होतं. उशीवरच्या लेसमध्ये काही धागे सरळ जातात आणि काही तिरके, हे जॉन हीथकोटने नीट न्याहाळलं आणि १८०८-०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ मध्ये लफबरो इथल्या त्याच्या कारखान्यातली पन्नासहून अधिक यंत्रं लुडाइट, म्हणजे यंत्रांना विरोध करणाऱ्या, बंडखोरांनी फोडली. तो आपलं सामान घेऊन टिव्हर्टनला गेला, यंत्रं थांबली नाहीत. १८७० नंतर शिक्षणाचे कायदे आल्यावर लेसच्या शाळा बंद होत गेल्या. ते योग्यच झालं. पाच वर्षांच्या पोरीने दिवसभर उशीवर वाकावं असं कोणी म्हणणार नाही. पण शाळेबरोबर शिकण्याची एकमेव वाटही बंद झाली. व्यापारी उठून गेला तेव्हा नमुनेही त्याच्याबरोबर गेले किंवा माळ्यावर कुजले.

भारतातला धागा याच इंग्लिश परंपरेतून निघतो. लंडन मिशनरी सोसायटीचे चार्ल्स मॉल्ट आणि त्यांच्या पत्नी मार्था १८१९ मध्ये त्रावणकोरात नागरकोइलला आले. पुढच्या काही वर्षांत मार्था मॉल्ट यांनी तिथल्या मुलींना उशीवरची लेस शिकवायला सुरुवात केली. विक्रीतून मुलींची शाळा चालली. त्या मुलींमध्ये काही गुलाम जातींतल्या होत्या, आणि लेसच्या मजुरीतून त्यांनी स्वतःची सुटका विकत घेतल्याच्या नोंदी मिशनच्या कागदपत्रांत आहेत. त्रावणकोरात गुलामी कायद्याने संपली ती १८५५ मध्ये. याच प्रदेशात, याच वर्षांत, खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी लढा दिला. त्यांना वस्त्र घालायची मुभा देणारा जाहीरनामा १८५९ चा. लेसकडे नाजूक करमणूक म्हणून पाहणाऱ्याने नागरकोइलचा हा तुकडा जरूर लक्षात ठेवावा. अर्थात इथेही नमुने मिशनचे होते आणि बाजार इंग्लंडचा. श्रीलंकेत गाले आणि वेलिगामाच्या किनाऱ्यावर ही लेस पोर्तुगीजांच्या काळापासून आहे असं मानतात, आणि तिथे ती घरातून घरात, आईकडून मुलीकडे गेली.

नमुना कारागिराच्या हाती परत येण्याची सुरुवात मला स्लोव्हेनियातल्या इद्रियात दिसते. हेही खाणीचं गाव, पाऱ्याच्या. खाणकामगारांच्या घरांतली लेस तिथे सतराव्या शतकापासून नोंदली गेली आहे. १८७६ मध्ये तिथे लेसची शाळा सुरू झाली. इवांका फेर्यांचिच पहिल्या शिक्षिका. फरक असा की इथे मूल मजुरीसाठी बसत नव्हतं, ते पद्धतशीर शिकत होतं, आणि नक्षी कशी रचायची हेही शिकण्याचा भाग होता. दोन महायुद्धं, बदललेली राज्यं आणि बंद पडलेली खाण यांना पुरून उरून ती शाळा आजही चालू आहे. २०१८ मध्ये स्लोव्हेनियातली बॉबिन लेस युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. क्रोएशियाची लेस त्याआधीच, २००९ मध्ये.

बाकी ठिकाणी पुनरुज्जीवन आलं ते १९७० च्या दशकात, आणि ते पोट भरण्यासाठी नव्हतं. ब्रिटनमध्ये लेस गिल्ड १९७६ मध्ये स्थापन झालं. ल पुईत १९७४ मध्ये शिक्षण केंद्र निघालं. लोकांनी माळ्यावरची चर्मपत्रं उतरवली, जुन्या लेसखाली काळं कापड ठेवून भिंगातून एकेक धागा मागे शोधत नेला आणि हरवलेल्या वाटा कागदावर काढल्या. १९८२ मध्ये बॉबिन आणि सुईच्या लेसची आंतरराष्ट्रीय संघटना, ओईडफा, स्थापन झाली. तिचं अधिवेशन दर दोन वर्षांनी वेगळ्या देशात भरतं.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बेल्जियममधून आलेली रंगांची पद्धत. नमुन्यासोबत एक आकृती देतात, आणि त्यात जोड्यांची वाट रंगीत रेषांनी दाखवतात. जांभळी रेष म्हणजे कापडी वीण. हिरवी म्हणजे अर्धी, जाळीदार. लाल म्हणजे क्रॉस-ट्विस्ट दोनदा. रेषेवरची छोटी आडवी खूण म्हणजे एक जादा ट्विस्ट. फ्लेमिश न येणारी जपानी बाई ही आकृती समोर ठेवून ब्रूजची लेस करू शकते. भोकं जे सांगत नव्हती, ते या रेषा सांगतात. हातातलं ज्ञान पहिल्यांदाच कागदावर पूर्ण उतरलं, आणि तो कागद कोणालाही घेता येतो.

त्यातून नवा प्रश्नही आला आहे. जुन्या, कर्ता अज्ञात असलेल्या नक्ष्या सगळ्यांच्या. त्या उतरवायला आणि वाटायला कोणाची हरकत नाही. पण आज नवी नक्षी रचणारी बाई जिवंत आहे, तिचं नाव नमुन्यावर आहे आणि त्या नमुन्याच्या विक्रीवर तिचा थोडाफार खर्च निघतो. म्हणून लेस करणाऱ्यांमध्ये आता अशी रीत पडते आहे की विकत घेतलेल्या नमुन्यावरून लेस खुशाल करावी, दुसरीला वीण समजावून सांगावी, पण टोचलेल्या कागदाची प्रत काढून देण्याआधी रचणारीला विचारावं.