रॅपर म्हणायचं की गायिका?

1998 च्या सुरुवातीला अमेरिकन सोल गायिका अरीथा फ्रँकलिन यांचं ‘अ रोझ इज स्टिल अ रोझ’ आलं. प्रेमात पोळलेल्या एका मुलीला थोरली बाई जवळ बसवून समजावते, असं ते गाणं. हा पोक्त सल्ला लिहिला होता 22 वर्षांच्या रॅपर-गायिका लॉरिन हिलनं. संगीत-निर्मितीही तिचीच. सोल म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेली गायकी, हिपहॉप म्हणजे ठेक्यावर शब्द तालात म्हणायचं, रॅपचं संगीत. सोलच्या आज्यांकडून हिपहॉपच्या नातींकडे वारसा आला असं सांगतात, पण इथे नातीनं लिहिलं आणि आजी गायली.

आधीचा काळ थोडक्यात. 1967 चं अरीथांचं ‘रिस्पेक्ट’ मुळात एका पुरुषाचं, 1965 मधलं. त्यातली ‘रिस्पेक्ट’ या शब्दाची अक्षरं सुटी करून म्हणायची, आज सगळ्यांच्या तोंडी असलेली जागा मात्र मूळ गाण्यात नव्हतीच. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये झालेल्या ज्या पार्टीपासून हिपहॉपचा जन्म मोजतात, ती डीजेच्या धाकट्या बहिणीनं शाळेच्या नव्या कपड्यांचे पैसे उभे करायला भरवली होती. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. ‘रॅपर्स डिलाइट’ (1979) हे रॅपचं पहिलं मोठं हिट गाणं ज्या बाईनं काढलं, ती स्वतः सोल गायची. म्हणजे बायका या घरात पाहुण्या म्हणून आलेल्या नाहीत.

घोळ सुरू होतो तो नावापासून. 1992 मध्ये मेरी जे. ब्लाइजचा ‘व्हॉट्स द 411?’ आला. ठेका हिपहॉपचा, गळा सोलचा. त्याला ‘हिपहॉप सोल’ म्हणू लागले. शब्द सोयीचा होता, पण ग्रॅमी या अमेरिकेतल्या मोठ्या संगीत-पुरस्कारांच्या यादीत असा खाना नव्हता. तिथे रॅप वेगळा, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, सोल ज्यात धरतात ते गाणं) वेगळं. ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ या अल्बमच्या जोरावर हिलला 1999 मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बमही होता, आणि हिपहॉपला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. हिल त्यात गाते आणि रॅपही करते, कधी एकाच गाण्यात दोन्ही. तरी शैलीचा पुरस्कार मिळाला तो आर अँड बी अल्बमचा. त्या वर्षीचा रॅप अल्बम दुसऱ्याचा ठरला.

याहून चक्रावून टाकणारा निर्णय चार वर्षांनी झाला. एकट्या कलाकाराच्या रॅपसाठी स्त्री-पुरुषांना मिळून एकच पुरस्कार होता. 1995 मध्ये तो ‘युनिटी’ या गाण्यासाठी एका बाईनं जिंकला. 2002 मध्ये मिसी एलियटनं ‘गेट युअर फ्रीक ऑन’साठी जिंकला, पुरुषांना मागे टाकून. आणि 2003 पासून बायकांचा खाना वेगळा केला. लोकलच्या लेडीज डब्यासारखा! डबा गर्दीतल्या त्रासापायी लागतो, हे समजतं. इथे तर बाई नुकतीच जनरलमध्ये चढून खिडकी मिळवून बसली होती. वेगळ्या खान्यानं जास्त जणींना नामांकन मिळतं हे खरं आहे, तो मुद्दा मी उडवून लावत नाही. पण 2003 आणि 2004, दोन्ही वर्षं पुरस्कार मिसीलाच गेला. 2005 ला खाने पुन्हा एक झाले. त्यानंतर 2011 पर्यंत, म्हणजे हा पुरस्कार बंद होईपर्यंत, सातही वर्षं विजेता पुरुषच.

‘पहिली’ कोण, हा वादही त्याच खान्यांमधून आला. 2019 मध्ये कार्डी बीला रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला तेव्हा ‘पहिली स्त्री’ असे मथळे झळकले. ती एकटीच्या बळावर पहिली. 1997 मध्ये हाच पुरस्कार तिघांच्या एका गटाला मिळाला होता, आणि त्यातली एक लॉरिन हिल होती. कार्डीच्या त्या, 2018 मध्ये आलेल्या अल्बममधलं ‘बी केअरफुल’ हिलच्याच ‘एक्स-फॅक्टर’वर उभं आहे. त्याच वर्षी एका कॅनडियन रॅपरनंही तेच गाणं उचललं आणि ते जास्त गाजलं.

मिसीला 2023 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या संगीताच्या मानाच्या दालनात जागा मिळाली. स्त्री रॅपरला ती पहिल्यांदाच मिळत होती. अरीथा तिथे 1987 मध्येच पोचल्या होत्या, बायकांमध्ये सगळ्यात आधी. मेरी जे. ब्लाइज 2024 मध्ये गेली. 2025 चा रॅप अल्बमचा ग्रॅमी फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या एका तरुणीला मिळाला, हिल आणि कार्डीनंतर तिसरीला. ती रॅप करते, गातेही, आणि जिंकलेल्या त्या अल्बमला स्वतः मिक्सटेप, म्हणजे रीतसर अल्बम न मानलेला संग्रह, म्हणते.