अठराव्या शतकातल्या इंग्लिश पॅरिशमध्ये वारसा कसा लागायचा: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

साल धरा 1740, ठिकाण इंग्लंडमधलं एखादं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं खेडं. घरधनी गेला. मागे बायको, तीन मुलं, चार गाई, एक नांगर आणि आजारपणात घाईघाईने केलेलं मृत्युपत्र. आपल्याकडे अशा वेळी वारस नोंदीसाठी तलाठ्याचा दरवाजा ठोठावतात. त्या विधवेला मात्र एका कचेरीत काम उरकता येत नसे. भांडीकुंडी, गुरं, धान्य, येणी हा जंगम माल चर्चच्या कोर्टात. जमीनदाराच्या दप्तरी नोंदलेली जमीन त्या जमीनदाराच्या कोर्टात. आणि पूर्ण मालकीची जमीन असेल तर तिच्यासाठी कुठेच अर्ज नाही. जुनी दप्तरं चाळणारे बरेच जण इथेच अडतात: मृत्युपत्रात सहा पितळी भांडी सापडतात आणि राहतं घर सापडत नाही.

आधी दफन

मृत्यूचा दाखला नावाची चीज 1837 पर्यंत नव्हती. पॅरिशच्या वहीतली दफनाची नोंद हाच पुरावा. पण एक शपथपत्र लागायचं आणि ते भलतंच होतं. प्रेत लोकरीच्याच कापडात गुंडाळलं आहे, असं आठ दिवसांच्या आत शपथेवर लिहून द्यायचं. देशातला लोकरीचा धंदा तगावा म्हणून केलेला हा कायदा. तागाचं कापड वापरलं तर 5 पौंड दंड. त्यातला अर्धा गावच्या गरिबांना, अर्धा खबर देणाऱ्याला. ऐपतदार घरं तागच वापरत आणि आपल्याच माणसाकरवी खबर देऊन अर्धा दंड घरात ठेवत. पळवाटा शोधण्यात कुठलाच मुलूख मागे नाही.

मृत्युपत्र कोणाला करता यायचं

जंगम मालापुरतं म्हणाल तर मुलगा 14 वर्षांचा आणि मुलगी 12 वर्षांची झाली की पुरे. जमिनीसाठी 21. विधवा आणि अविवाहित बाईला मोकळीक होती. नवरा असलेल्या बाईला त्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, कारण तिचा जंगम माल बहुतेक करून त्याचाच धरला जाई.

साक्षीदारांचा नियमही असाच दुहेरी. 1677 च्या कायद्याप्रमाणे जमीन द्यायची तर लेखी मृत्युपत्र आणि त्यावर किमान तीन साक्षीदार हवेत. जंगमासाठी साक्षीदार नसले तरी चाले, हस्ताक्षर पटलं म्हणजे झालं. लिहिता न येणारे फुली मारत. तोंडी मृत्युपत्रही चालायचं, पण माल 30 पौंडांच्या वर असेल तर शेवटच्या आजारात, सहसा स्वतःच्या घरी, तीन जणांना "तुम्ही साक्षी" असं बजावून सांगितलेलं असावं लागे. ते शब्द सहा दिवसांत कागदावर उतरवले नाहीत, तर सहा महिन्यांनंतर त्यांची साक्ष कोणी ऐकत नसे.

थोरल्याला नुसता एक शिलिंग ठेवलेला दिसला की बापाचा राग दिसतो. शिलिंग दिल्याशिवाय वारसाला बेदखल करता येत नाही, असा लोकांचा समज होता. ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडिताने 1760 च्या दशकात हा समज निराधार असल्याचं लिहून ठेवलं आहे.

अर्ज कुठे करायचा

माल कुठे पडला आहे, त्यावर कोर्ट ठरे. सगळा एकाच आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या) हद्दीत असेल तर त्याच्या कोर्टात, एकाच बिशपच्या मुलखात पण दोन हद्दींत असेल तर बिशपच्या. दोन बिशपांच्या मुलखांत 5 पौंड किंवा जास्तीचा माल निघाला, तर प्रकरण कँटरबरी किंवा यॉर्कच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात, म्हणजे तिथल्या आर्चबिशपच्या वरच्या कोर्टात. काही गावं या साखळीतून सुटलेली, त्यांचं कोर्ट वेगळंच. आधी चौकशी न करता निघालात तर एक हेलपाटा ठरलेला.

तरी विधवेला दर वेळी कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, शहरापर्यंत जावं लागत नसे. शपथ द्यायचा अधिकार आसपासच्या एखाद्या पाद्र्याला दिलेला असायचा.

कागदपत्रं

मूळ मृत्युपत्र, एक्झिक्युटरची (मृत्युपत्र अमलात आणायला त्यात नेमलेल्या माणसाची) शपथ आणि मालाची यादी. एक्झिक्युटर 17 वर्षांचा असला तरी चाले. ही अट 21 वर गेली ती 1798 मध्ये.

यादी म्हणजे सरळ पंचनामा. शेजारचे दोन ते चार जाणते लोक घरात शिरायचे आणि खोलीमागून खोली किंमत लावत जायचे. पहिल्या ओळीत बहुधा मयताची पैशाची थैली आणि अंगावरचे कपडे. मग पिसांची गादी, कथलाच्या थाळ्या, काशाची कढई, चीज दाबायचा साचा, माळ्यावरचं धान्य. बाहेर आलं की गाई, डुकरं, नांगर, खताचा ढीगसुद्धा. शेतात उभा गहू यादीत येई, कारण तो माणसाने पेरलेला. गवत आणि झाडावरची सफरचंदं येत नसत, ती जमिनीच्या वारसाची. भिंतीत पक्कं बसवलेलं कपाट जमिनीबरोबर जाई. आणि शेवटची ओळ कितीतरी याद्यांत सारखीच: नजरेतून सुटलेल्या किरकोळ वस्तू, अमुक शिलिंग. मला ही ओळ फार आवडते. पंचांना संध्याकाळी घरी जायची घाई झालेली दिसते. शतकाच्या मध्यानंतर या याद्या कमी होत गेल्या आणि कोणी मागितली तरच बनू लागल्या.

फी 1529 च्या कायद्याने बांधलेली: 5 पौंडांपर्यंतच्या मालाला काही नाही, फक्त लिहिणाऱ्याला 6 पेन्स, 40 पौंडांपर्यंत साडेतीन शिलिंग, त्यावर 5 शिलिंग. 1694 पासून स्टॅम्प ड्यूटी वेगळी. हे झालं की प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र मान्य केल्याचा कोर्टाचा कागद, हातात. 1733 पर्यंत त्यावरचा कोर्टाचा शेरा लॅटिनमध्ये असे, म्हणजे ज्या बाईचं काम त्यावर अडलेलं, तिलाच तो वाचता येत नसे.

कोणाची हरकत असेल तर कॅव्हेट, म्हणजे प्रोबेट रोखून धरणारी नोटीस, लावायचं. ते तीन महिने टिके. आणि एक खबरदारी: मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून तुमचं नाव नसेल तर गाय विकू नका. अधिकाराशिवाय मालाला हात लावणारा स्वतःच एक्झिक्युटर ठरे, हक्क नसलेला आणि कर्जाला जबाबदार असलेला. दफन करणं, माल कुलपात ठेवणं, गुरांना चारा घालणं एवढ्याला मुभा.

मृत्युपत्रच नसेल तर

अर्ज प्रशासन-पत्राचा, म्हणजे मालाची व्यवस्था लावायच्या परवान्याचा. ते विधवेला किंवा जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला मिळे, पण जामीन देऊन आणि साधारण मालाच्या दुप्पट रकमेचा बाँड लिहून. वाटणी 1670 च्या कायद्याने: मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, बाकी मुलांत समान, मुलं नसतील तर विधवेला अर्धा, उरलेला नातेवाइकांना. आपल्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 33 उघडून पाहा, विधवेचे हेच दोन अपूर्णांक तिथे आहेत.

जमीन

पूर्ण मालकीची जमीन मृत्युपत्र नसेल तर थोरल्या मुलाची. मुलगे नसतील तर सगळ्या मुलींची मिळून. विधवेला तिच्यातल्या एक तृतीयांशाचं उत्पन्न हयातभर. केंटमध्ये मात्र सगळे मुलगे सारखे वाटेकरी, आणि काही ठिकाणी चक्क धाकट्याला जमीन. चर्चच्या कोर्टाचा या जमिनीवर काडीचा अधिकार नव्हता.

खेड्यातल्या पुष्कळांची जमीन मात्र कॉपीहोल्ड, म्हणजे जमीनदाराच्या कोर्टाच्या दप्तरातला उतारा हाच हक्काचा कागद. इथे वारसाने कोर्टात हजर व्हायचं, कारभाऱ्याच्या हातून काठी घ्यायची (काठी दिली म्हणजे जमीन दिली) आणि नजराणा भरायचा. अनेक गावांत त्याआधी मयताचं सर्वांत चांगलं जनावर जमीनदार हाकून नेई. चार गाईंतली दुभती गेली, की पंचांच्या यादीतला आकडा आणि घरातलं दूध, दोन्ही उतरलं. ही जमीन मृत्युपत्राने द्यायची असेल तर जिवंतपणीच ती "माझ्या मृत्युपत्राच्या उपयोगासाठी" कोर्टात सोडून ठेवावी लागे. अनेक जण ते विसरत, आणि मग मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो, जमीन गावच्या रिवाजाप्रमाणे जाई.

देणी आणि वाटप

दफनाचा खर्च, कोर्टखर्च, मग कर्जं. राजाचं देणं आधी, हुकूमनामे आणि बाँड त्यानंतर, तोंडी उधारी शेवटी. उरलं त्यातून मृत्युपत्रातल्या देणग्या. त्यासाठी एक्झिक्युटरला एक वर्ष मिळे. पैसे कमी पडले तर रोख रकमांना सारख्या प्रमाणात कात्री. 1796 पासून देणग्यांवर नात्याप्रमाणे कर लागला, जितकं नातं लांबचं तितका दर जास्त.

गरिबांना भाकरी वाटायला ठेवलेले पैसे चर्चवॉर्डनच्या (चर्चच्या कारभाऱ्याच्या) हाती येत आणि देणाऱ्याचं नाव चर्चमधल्या लाकडी फळ्यावर रंगवलं जाई. 1736 नंतर मृत्युपत्राने धर्मादायाला जमीन ठेवणं मात्र रद्दबातल. ती द्यायची तर मरणाआधी निदान बारा महिने दस्त करून.

चर्चच्या कोर्टांचं हे काम जानेवारी 1858 मध्ये संपलं. कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टातली मृत्युपत्रं आज क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, यॉर्कची बोर्थविक संस्थेत, बाकीची बहुतेक त्या त्या परगण्याच्या दप्तरखान्यांत. घर सापडलं नाही तर मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या, कोर्टाची वही मागा.