‘इक्वॅनिमस’ : एका विशेषणाची पार्श्वभूमी

इंग्रजीत ‘इक्वॅनिमिटी’ (मनाचा तोल) हे नाम बऱ्यापैकी रुळलेले आहे. त्याचे ‘इक्वॅनिमस’ हे विशेषण मात्र इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्याही बोलण्यात क्वचितच येते. आपल्याकडे ते अनेकांच्या कानांवर प्रथम पडले ते विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिरांत. ब्रह्मदेशातून आलेल्या आचार्यांनी भारतातले पहिले शिबिर १९६९ च्या जुलैत मुंबईत घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या केंद्रात शिबिरे भरू लागली. अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर डोळे मिटलेलेच ठेवायचे आणि हातपाय हलवायचे नाहीत, असा संकल्प असतो. गुडघ्यातून कळ उठते, घंटा कधी होईल याकडे मन धावते आणि नेमक्या त्याच वेळी इंग्रजी सूचनांत हे विशेषण ऐकू येते. कळ जाणायची, पण तिच्यावर चिडायचे नाही आणि ती शमली तर त्या सुखाला चिकटायचेही नाही, एवढा अर्थ त्या एका शब्दात भरलेला असतो.

त्यामागे उभा असलेला पाली शब्द आहे ‘उपेक्खा’, आणि खरी अडचण इथेच आहे. त्याचे संस्कृत रूप ‘उपेक्षा’. मराठीत मात्र उपेक्षा म्हणजे हेळसांड. उपेक्षित माणूस म्हणजे ज्याची कोणी दखल घेतली नाही असा. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद) या बौद्ध परंपरेतल्या गुणांच्या पंक्तीत हा शब्द वाचला की मराठी वाचक अडखळतो. वास्तविक बौद्ध परंपरेने बेफिकिरीला उपेक्खेचा जवळचा शत्रू मानले आहे, कारण ती वरवर उपेक्खेसारखीच दिसते. १९५७ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या, नवबौद्धांसाठी आधारभूत ठरलेल्या इंग्रजी ग्रंथातही हा भेद स्पष्ट आहे : फळाने विचलित न होता, तरीही त्यासाठी झटत राहणे म्हणजे उपेक्खा.

शिबिरांच्या हिंदी सूचनांत यासाठी ‘समता’ हा शब्द योजला गेला. हिंदीत तो चालून जातो. मराठी कानाला मात्र समता म्हटले की स्वातंत्र्य आणि बंधुता आठवतात, जातिअंताचा लढा आठवतो. म्हणून मराठीत ‘समचित्त’ हाच शब्द अधिक नेमका आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘स्थितप्रज्ञ’ हा फार उंचावरचा शब्द आहे. तासभर बसू पाहणाऱ्या साधकाला तो लावणे योग्य नाही.

असे असले तरी ‘समता’ हा शब्द अगदीच उपरा ठरत नाही. ‘इक्वॅनिमिटी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिनमधील ‘एक्वुस’ म्हणजे सपाट, समान आणि न्याय्यही. ‘अ‍ॅनिमुस’ म्हणजे मन. इ. स. १६१ मध्ये एका रोमन सम्राटाने मृत्युशय्येवरून पहारेकऱ्यांना दिलेला परवलीचा शब्द याच दोहोंपासून झालेला होता. सतराव्या शतकात ‘इक्वॅनिमिटी’ इंग्रजीत आली तेव्हा तिचा एक अर्थ निःपक्षपातीपणा असाही होता. तो पुढे लोपला आणि मनाचा तोल एवढाच अर्थ उरला. १८८९ साली फिलाडेल्फियातील एका वैद्यकशिक्षकाने नव्या डॉक्टरांना निरोप देताना याच गुणाची शिकवण दिली, तोवर तो न्यायासनावरून उतरून रुग्णाच्या खाटेपाशी आलेला होता. मराठीतल्या ‘सम’ने मात्र दोन्ही अर्थ आजही सांभाळले आहेत : समता आणि समचित्तता.