वय झालं की मन आपोआप तयार होतं?

'सत्तरी ओलांडली की गाडी चालवणं कधी सोडायचं ते माणसाला आपलं आपण कळतं. आधीच विषय काढून खचवू नका.' हा समज बराच जुना आहे, आणि उलटा आहे. डोळे, गुडघे हळूहळू थकतात. मन मात्र बहुतेकदा थेट त्या दिवशी आदळतं, जेव्हा मुलगा काही न बोलता खुंटीवरची किल्ली काढून खिशात टाकतो. गाडी सोडलेल्या ज्येष्ठांवरील अभ्यासांच्या २०१६ मधल्या एका आढाव्यात नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळपास दुप्पट आढळला.

तयारी वयावरून ठरत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी ती जोखायला प्रश्नावलीच केली आहे: पुढची धास्ती किती, कुणावर ओझं होऊ असं वाटतं का, विषय टाळला जातो का. हे टाळणंच घरच्यांना 'शांतपणे स्वीकारलंय' असं वाटतं, तिथेच फसगत होते.

म्हणून बोलायचं ते गाडी व्यवस्थित चालवता येत असतानाच. रात्रीचं चालवणं आधी थांबवावं, एखाद्या दिवशी बसने जाऊन बघावं, परतल्यावर कसं वाटलं ते विचारावं. चिडून उत्तर आलं तरी चालेल. विषय निघाला तरी.