साकोकू

साकोकू : तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांच्या (लष्करी सत्ताधीशांच्या) राजवटीत जपानने दोनशेहून अधिक वर्षे पाळलेले परदेशबंदीचे धोरण. शब्दाचा अर्थ ‘कडीकुलपातला देश’. गंमत अशी, की बंदी घालणाऱ्यांनी हा शब्द वापरलाच नव्हता. नागासाकीचा दुभाषी शिझुकी तादाओ याने १८०१ मध्ये एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्याच्या लेखनाचे भाषांतर करताना तो घडवला.

त्याआधीचे जपानी घरकोंबडे नव्हते. कागोशिमाच्या अंजिरोचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यात झाला होता; आग्नेय आशियात आयुथया, मनिला, होई आन येथे जपान्यांच्या वस्त्या होत्या. मात्र मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेन-पोर्तुगालची सत्ता येईल, ही शोगुनांना धास्ती होती. शिवाय परदेशी व्यापारावर दूरचे सरदार गब्बर झालेले त्यांना नको होते. १६३३ ते १६३९ या काळात शोगुन इएमित्सूच्या कारकिर्दीत एकामागून एक फर्माने निघाली. पोर्तुगीजांना हाकलले, डचांना १६४१ मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर बसवले. चिनी जहाजेही नागासाकीत येत. कोरिया, दक्षिणेकडची र्‍युक्यू बेटे आणि उत्तरेकडचे आदिवासी ऐनू यांच्याशी व्यवहार चालूच होता. म्हणजे दार बंद होते ते मुख्यतः पाश्चात्त्यांना.

आणि बाहेर असलेल्या आपल्याच माणसांना. १६३५ च्या फर्मानानुसार जपान्याने देश सोडायचा नाही, सोडलेल्याने परत यायचे नाही, आल्यास देहान्त. आग्नेय आशियातल्या वस्त्या पुढे स्थानिक समाजात विरून गेल्या. वादळात भरकटलेल्यांचीही सुटका नव्हती. ओतोकिची हा पोरसवदा खलाशी १८३२ मध्ये एदोकडे (आजचे टोकियो) निघालेल्या मालवाहू जहाजावर होता. शीड-सुकाणू गमावून ते वर्षाहून अधिक काळ वाहत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा चौदापैकी तिघेच जिवंत होते. १८३७ मध्ये ‘मॉरिसन’ हे अमेरिकन जहाज या तिघांना आणि आणखी चौघांना घेऊन जपानला आले. उरागा आणि कागोशिमा, दोन्हीकडे स्वागताला तोफगोळे. ओतोकिची पुढे शांघायला राहिला आणि सिंगापुरात वारला. असाच भरकटून अमेरिकेत पोहोचलेला मच्छीमार मांजिरो मात्र १८५१ मध्ये परतला. महिनोन् महिने चौकशी झाली, ख्रिस्ती नसल्याचे दाखवायला धार्मिक प्रतिमेवर पाय ठेवावा लागला. मग त्याच्याच इंग्रजीची सरकारला गरज पडली.

१८५३ मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी पेरीच्या युद्धनौका आल्या, पुढच्या वर्षी तह झाला. परदेशप्रवासाची बंदी १८६६ मध्ये उठली आणि १८६८ मध्ये सुमारे दीडशे मजूर हवाईच्या ऊसमळ्यांवर गेले. पुढे तिथल्या मळ्यांवर मजुराला नावाऐवजी धातूच्या बिल्ल्यावरचा नंबर मिळे. त्याला ‘बांगो’ म्हणत. १९०८ मध्ये ‘कासातो मारू’ ७८१ जणांना घेऊन ब्राझीलच्या सांतोस बंदरात पोहोचली.

आता दारे दुसऱ्यांनी लावली. अमेरिकेने १९२४ मध्ये जपानी स्थलांतर जवळपास बंद केले. जपानशी युद्ध चालू असताना अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना हाती मावेल तेवढे सामान घेऊन छावण्यांत जावे लागले. त्यांतले दोन-तृतीयांश तिथेच जन्मलेले नागरिक होते. माफी आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई मिळण्यासाठी १९८८ चा कायदा व्हावा लागला.

१९९० मध्ये जपानने, कामगार हवे म्हणून, या स्थलांतरितांच्या नातवंडांना दार उघडले. ब्राझीलमधून हजारो कुटुंबे आली. २००९ च्या मंदीत बेकार झालेल्यांना सरकारने परतीसाठी माणशी तीन लाख येन देऊ केले. अट एकच होती : त्याच व्हिसावर पुन्हा यायचे नाही. ती २०१३ मध्ये सैल झाली.