तृणमणीतले मोठ्या डोळ्यांचे मेफ्लाय

मेफ्लायला, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका नाजूक कीटकाला, पंख फुटले की त्याच्या हाताशी बहुधा एक-दोन दिवसच उरतात, काही जातींत तर काही तासच. तोंड नावापुरतं, आतड्यात अन्नाऐवजी हवा. एवढ्या अल्पायुषी किड्याचे पंख, शिरांच्या जाळीसकट, झाडांच्या गोठलेल्या राळेत कोट्यवधी वर्षं शाबूत राहतात याचं मला अजूनही नवल वाटतं.

सिफ्लोप्लेक्टॉन ही अशीच एक प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट. १९१५ साली कीटकांचे अभ्यासक क्लेमेन्स यांनी तिला हे नाव दिलं. आज तिच्या साऱ्या जिवंत जाती फक्त उत्तर अमेरिकेत सापडतात. तिथल्या नद्यांत तिची पिल्लं वाढतात आणि माशाच्या पिल्लासारखी झपकन पोहतात. मागे केसाळ कडांच्या तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले. भिंगाखाली पुढचा पाय धरला की नखी टोकाशी दुभंगलेली दिसते; हीच तिच्या कुळाची, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाची, खूण. मोठेपणी मात्र शेपट्या दोनच राहतात.

पण याच प्रजातीचे जुने नातेवाईक सापडतात ते अटलांटिकच्या पलीकडे, युरोपात, बाल्टिक समुद्राकाठच्या तृणमणीत! तृणमणी म्हणजे अंबर, प्राचीन झाडांची गोठून दगड झालेली राळ. घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून हे नाव. बाल्टिक तृणमणी साधारण ३.५ ते ४.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याआधीच्या काळात ग्रीनलंडच्या बाजूने युरोप आणि अमेरिका यांच्यात जमिनीची वाट होती, त्यामुळे दोन्हीकडे एकच गोतावळा असणं समजण्यासारखं आहे. आज युरोपात या कुळातली मेट्रेटोपस ही भावंड-प्रजाती तेवढी उरली आहे.

तृणमणीतल्या या जातींपैकी एक पिक्टे आणि हागेन या कीटक-अभ्यासकांच्या १८५६ च्या कामातून पुढे आली. तिचं नाव मॅक्रॉप्स, म्हणजे ‘मोठ्या डोळ्यांची’. १९६८ मध्ये देमूलाँ यांनी जेगेरी ही जात नोंदवली. २०१२ मध्ये स्टानिचेक आणि गोडुन्को यांनी जुने मूळ नमुने पुन्हा तपासले आणि आणखी दोन जातींची भर घातली: देमूलिनी आणि बाराबानी. शंभर-दीडशे वर्षं कपाटात पडून असलेला खडा नव्याने उजेडात धरून पाहणं, हे काम मला नव्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

पाण्यात वाढणारा किडा झाडाच्या राळेत अडकला कसा? याचं उत्तर मेफ्लायच्या एका सवयीत आहे. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारे आजचे कीटक फक्त हेच. पाण्याबाहेर आल्यावर पंख धुरकट असतात, कडांना बारीक केस असतात. अशा अवस्थेत तो काठावरच्या झाडाझुडपांत जाऊन गप्प बसतो आणि तिथे शेवटची कात टाकून काचेसारखे पंख मिळवतो. त्या प्राचीन जंगलात बुंध्यांवरून राळ ओघळत होती. म्हणूनच तृणमणीत मेफ्लाय बहुतेक पंख असलेलेच मिळतात. पाण्याखालची पिल्लं त्यात क्वचितच सापडतात.