वारांचे स्वभाव आले कुठून? थोडी पार्श्वभूमी, इंदूरहून

आमच्याकडे इंदूरला मंगळवार नक्की कुणाचा यावर एकमत होणं कठीण आहे. मराठी घरात मंगळवार गणपतीचा, अंगारकी मंगळवारीच येते ना, आणि शेजारचे काका मात्र सकाळीच अंघोळ करून रणजीत हनुमानला निघालेले कारण त्यांचा मंगळवार हनुमानाचा. मग बुधवारी खजराना गणेशला पाय ठेवायला जागा नसते, आणि आपला मारुती तेल-शेंदूर घेऊन शनिवारची वाट बघतो. देव तेच, वार तेच, फक्त जोड्या वेगळ्या. माझं म्हणणं असं की वारांचा क्रम गणितातून आलाय पण त्यांचा स्वभाव माणसांनी घडवलाय, आणि हे इतिहासात अगदी स्पष्ट दिसतं.

आधी क्रम बघू. वेदांगज्योतिष या आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथात वारच नाहीत, तिथी आणि नक्षत्रं यांवरच सगळा कारभार. सात ग्रहांचे सात वार ही पद्धत ग्रीक-रोमन जगातून ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आली. त्यामागचा हिशोब सोपा आहे. सगळ्यात हळू चालणाऱ्या शनीपासून सुरू करायचं, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि शेवटी चंद्र, आणि दिवसाच्या 24 होरा, म्हणजे तास, या क्रमाने वाटत जायच्या. ज्याची पहिली होरा त्याचा वार. शनिवारी पहिली होरा शनीची, तीन फेऱ्यांत 21 संपल्या, उरलेल्या तीन शनी, गुरू, मंगळ यांना गेल्या की दुसऱ्या दिवशीची पहिली येते रवीला, म्हणून शनिवारनंतर रविवार, आणि असंच पुढे रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. आर्यभटाने 499 च्या सुमारास आर्यभटीयात हेच सांगितलंय की शीघ्र क्रमाने, म्हणजे हळू ग्रहापासून वेगवान ग्रहाकडे मोजत, चौथा तो पुढचा दिनपती, वाराचा स्वामी.

आणि याचा पुरावा आपल्या मध्य प्रदेशातच उभा आहे हे मला फार भारी वाटतं. सागर जिल्ह्यातलं एरण, तिथला गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला विष्णुध्वज स्तंभ, त्यावर गुप्त संवत 165 म्हणजे 484 साल, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार सुरगुरूचा, म्हणजे गुरुवार. भारतात वार लिहिलेला सगळ्यात जुना पक्क्या तारखेचा लेख म्हणून याचंच नाव घेतात.

आता स्वभाव. काही स्वभाव ग्रहांबरोबरच आले, शनी आणि मंगळ तिकडेही पापग्रह, गुरू-शुक्र तिकडेही शुभ. पण आपल्या लोकांनी त्यांना घरदार दिलं. रोमनांची शुक्र ही प्रेमाची देवी, आपल्याकडे तो असुरांचा गुरू झाला. मंगळ भूमीचा मुलगा झाला आणि त्याचं जन्मस्थान उज्जैनचं मंगळनाथ ठरलं, पत्रिकेत मंगळ निघाला की लोक आजही लांबून भातपूजेला तिथेच येतात. शनीला एका राशीत अडीच वर्षं लागतात म्हणून तीन राशींची साडेसाती, ही तर चक्क त्याच्या संथ चालीतून निघालेली भीती आहे.

पण वारांचे खरे चेहरे बघायचे तर श्रावणात देवघरात लावतात तो जिवतीचा कागद बघावा. वर नरसिंह, तो शनिवारचा, कालियावर नाचणारा कृष्ण, लेकरं मांडीवर घेतलेल्या जरा-जिवंतिका शुक्रवारच्या, आणि खाली बुध-बृहस्पती, एक हत्तीवर एक वाघावर. पुराणात चंद्राने बृहस्पतीची बायको तारा पळवली आणि तिच्या पोटी बुध झाला, म्हणजे या दोघांचं नातं किती अवघड! पण कहाणीत बायकांनी त्यांना सरळ मामा-भाचे केलं, भिक्षेला दारी येणारे, आणि आमचे हात रिकामे नाहीत म्हणून त्यांना परत पाठवणाऱ्या सुनांवर दारिद्र्य येतं. ग्रह घरातले पाहुणे झाले. पंचांगकर्त्यांपेक्षा हे काम कहाणी वाचणाऱ्या बायकांनी केलंय आणि त्याचं श्रेय त्यांना फारसं कुणी देत नाही.

इंदूरला अजून एक भानगड म्हणजे श्रावणच दोन. स्वयंपाकघरात एका खिळ्याला कालनिर्णय आणि दुसऱ्याला लाला रामस्वरूप हे हिंदी पंचांग, आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे शेजाऱ्यांचा सावन सोमवार गुरुपौर्णिमा झाली की सुरू, आणि आपला पंधरा दिवसांनी. उज्जैनच्या महाकालच्या सवाऱ्या, म्हणजे पालखीच्या मिरवणुका, मात्र दोन्ही धरून निघतात, सावनचे सगळे सोमवार आणि मग त्यांच्या भादोंच्या (भाद्रपदाच्या) पहिल्या पंधरवड्याचेही, कारण तो आपला श्रावण वद्य. मंदिराचा जीर्णोद्धार 18 व्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, आणि ही रीतही मराठ्यांच्या काळातली असंच तिथे सांगतात.

रविवारचं तर रूपच बदललं. मुळात तो सूर्याचा आणि खंडोबाचा, होळकरांचं कुलदैवतही तेच, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. सुट्टीचा हुकूम रोममध्ये 321 साली कॉन्स्टंटाइनने काढला होता, पण मुंबईच्या गिरणी कामगाराला ती सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडला, आणि तीही कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षं लावून धरली म्हणून.

शुक्रवार तर अगदी कालपरवाचा. 1975 साली संतोषी मातेवर सिनेमा आला आणि घरोघरी सोळा शुक्रवार सुरू झाले, गूळ-चण्याचा प्रसाद आणि आंबट बंद. आमच्या मराठी घरांत त्याच शुक्रवारी श्रावणात जिवतीला पुरणाचा नैवेद्यही असतो, मग ज्या बाईचं संतोषीचं व्रत असेल ती त्या दिवशी कटाची आमटी चिंचेशिवाय करते.